मऊ शिसं, कठीण शिसं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

शिसं म्हटलं की आपल्याला आधी शिसपेन्सिल आठवते. गंमत अशी, की शिसपेन्सिलीत शिसं मुळीच नसतं; असतं ते ग्राफाइट, म्हणजे कोळशाचाच एक भाऊबंद. खरं शिसं आपल्या अवतीभोवती असतं ते मोटारीच्या बॅटरीत, कोळ्यांच्या जाळ्याच्या कडेला ओवलेल्या वजनांत आणि बंदुकीच्या गोळीत. आज मला तुमच्याशी या शेवटच्या शिशाबद्दल बोलायचं आहे. गोळी कोणी कोणावर झाडली, हा इतिहास आपण शाळेत शिकतो. ती गोळी कशाची होती, तिच्यात शिशाबरोबर दुसरं काय मिसळलं होतं आणि ते का मिसळलं होतं, हे सहसा कोणी सांगत नाही. पण शिसं मऊ ठेवायचं की कठीण करायचं, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नानं निदान दोनदा मोठ्या घडामोडींना हात लावला आहे. आणि दोन्ही वेळा त्याचा धागा आपल्याच देशातल्या एका गावाशी जाऊन पोचतो. त्या गावाचं नाव दमदम.

आधी हा धातू समजून घेऊ. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. तांबं वितळवायला हजार अंशांच्या पुढे जावं लागतं, लोखंडाला तर पंधराशेच्या पुढे. त्यासाठी भट्टी लागते, भाता लागतो, कसबी माणूस लागतो. शिशाला चूल पुरते. शिवाय ते जड. एक घन सेंटीमीटर लोखंड आठ ग्रॅमसुद्धा भरत नाही, तेवढंच शिसं अकरा ग्रॅमच्या वर जातं. जड वस्तू हवेतून जाताना आपला वेग लवकर सोडत नाही. तेव्हा जे चुलीवर वितळतं, साध्या साच्यात ओतता येतं आणि दूरवर जोरानं जाऊन आदळतं, ते माणसानं मारण्यासाठी वापरलं नसतं तरच नवल. बंदूक यायच्या कितीतरी आधी ग्रीक आणि रोमन सैनिक गोफणीतून शिशाच्या गोळ्या मारत. बदामाच्या आकाराच्या या गोळ्यांवर ते अक्षरंही उठवत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अशी एक ग्रीक गोळी आहे, तिच्यावर एकच शब्द आहे. त्याचा अर्थ, 'घे, झेल!'

आपल्याकडेही बंदुका आल्या तशी शिशाची गरज वाढली. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी सुरतेला जो माल विकायला आणी, त्यात शिसं असे. शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाकडून ८० तोफा आणि आपल्या सगळ्या बंदुकांना पुरेल इतकं शिसं विकत घेतलं, अशी नोंद रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारानं केलेली आहे. तोफांच्या जोडीनं शिशाचा वेगळा उल्लेख आहे, हे लक्षात घ्या. बंदूक एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते. शिसं मात्र रोज खर्च होतं.

त्या काळी गोळी ओतणं हे घरगुती काम होतं. चिमट्यासारखा दोन पाळ्यांचा साचा, एक पळी आणि विस्तव. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, क्षणभर थांबायचं, साचा उघडून गोळी खाली टाकायची आणि तोंडाशी राहिलेली शिशाची शेपटी छाटून टाकायची. हे काम कोण करी, याचा एक पक्का हिशेब अमेरिकेत जपून ठेवलेला आहे. ९ जुलै १७७६ रोजी न्यू यॉर्कमध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैनिकांपुढे वाचला गेला. त्या संध्याकाळी जमावानं बोलिंग ग्रीन चौकातला राजा तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा दोर लावून पाडला. पुतळ्यावर सोन्याचा मुलामा होता, पण आत होतं शिसं. ते कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी नेलं गेलं आणि तिथल्या बायकामुलांनी त्याच्या गोळ्या ओतल्या. वोलकॉट यांनी कोणी किती ओतल्या ते टिपून ठेवलं. रूथ मार्विन ११,५९२. वोलकॉट यांची धाकटी मुलगी मेरी ॲन, वय अकराच्या आसपास, तिच्या १०,७९०. थोरली लॉरा ८,३७८. धाकटा फ्रेडरिक, अगदीच लहान, त्याच्या ९३६. सगळ्या मिळून ४२,०८८ गोळ्या. राजाचा पुतळा राजाच्याच फौजेवर झाडला गेला. अकरा वर्षांच्या मुलीनं वितळलेल्या शिशाच्या भांड्याशी बसून दहा हजार गोळ्या ओतल्या, याचं तेव्हा कौतुक झालं. शिशाची वाफ आणि धूळ लहान मुलांच्या अंगात काय करते, याचा विचार त्या घरात कोणी केला असण्याची शक्यता कमीच.

आता या शिशाची अडचण पाहू. शुद्ध शिसं इतकं मऊ असतं, की नखानं ओरखडा उठतो. ते साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट जात नाही आणि थंड होताना आकसतं. मग त्यात दुसरे धातू मिसळायची युक्ती आली. त्यातला पहिला धातू म्हणजे कथील. आपल्या आयांच्या आणि आज्यांच्या पिढीला हा धातू वेगळा सांगायला नको. दारात भाता मांडून बसलेला कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात जी चकचकीत कांडी फिरवायचा, ते कथील. आपल्या वैद्यकात शिशाला 'नाग' आणि कथलाला 'वंग' म्हणतात. कथील फक्त २३२ अंशांना वितळतं. ते शिशात घातलं की रस पातळ धावतो, साचा छान भरतो, गोळी गुळगुळीत निघते आणि थोडी टणकही होते. पण कथील महाग. शिशाच्या कितीतरी पट महाग.

दुसरा धातू म्हणजे अँटिमनी. सुरमा ज्या खनिजापासून करत आले, त्यांतलं एक या अँटिमनीचं. हा धातू चकाकणारा, पण ठिसूळ. हातोडीनं ठोकला तर काचेसारखा फुटतो. एकटा असताना त्याला वितळायला ६३० अंशांच्या वर उष्णता लागते. पण वितळलेल्या शिशात टाकला, तर तो त्याच्या किती तरी खालच्या उष्णतेला विरघळू लागतो, जशी चहात साखर विरघळते तसा. शिशात शंभराला अकरा भाग अँटिमनी झालं, की ते मिश्रण सुमारे २५२ अंशांनाच वितळतं. म्हणजे दोघांपैकी कोणत्याही एका धातूपेक्षा लवकर! आणि थंड झाल्यावर मात्र ते शुद्ध शिशापेक्षा किती तरी कठीण होतं. फक्त प्रमाण सांभाळावं लागतं. अँटिमनी जास्त झालं तर गोळी आदळताच तुकडे होतात. कथील जोडीला असलं तर ते दोघांना सांधून ठेवतं. गोळी ओतणाऱ्याची सगळी विद्या या तीन धातूंच्या हिशेबात आहे.

चौथा एक पदार्थ कणभर लागतो, तो म्हणजे सोमल. पक्ष्यांवर झाडायचे बारीक छर्रे करायला तो उपयोगी पडतो. शिशात थोडा सोमल घातला तर थेंब गोल पडतात, ही गोष्ट १६६५ साली रॉबर्ट हुक यांच्या सूक्ष्मदर्शकावरच्या प्रसिद्ध पुस्तकातही नोंदलेली आहे. पुढे १७८२ मध्ये ब्रिस्टल शहरातल्या विल्यम वॉट्स नावाच्या नळजोडणी करणाऱ्या कारागिरानं तिचा धंदा केला. त्यानं आपल्याच घरावर मनोरा चढवला, खाली तळघरात खोल खणलं, वरून चाळणीतून वितळलेलं शिसं सोडलं आणि खाली पाण्यात झेललं. पावसाचा थेंब जसा पडता पडता गोल होतो, तसा शिशाचा थेंब हवेतच गोल होऊन थिजायचा. साचा नको, शेपटी छाटणं नको. वॉट्सचा तो मनोरा जवळजवळ दोनशे वर्षं उभा होता. १९६८ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी तो पाडला.

छऱ्यांचं हे असं. लढाईतल्या गोळीचा प्रश्न वेगळा होता. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी नळीपेक्षा बरीच लहान. ती तोंडातून सहज आत सरकायची, पण सुटताना नळीत इकडेतिकडे आपटत जायची. शंभर यार्डांपलीकडे नेम धरणं म्हणजे नशिबाचा खेळ. नळीला आतून पेचदार खाचा पाडल्या तर गोळी भोवऱ्यासारखी फिरत, सरळ जाते, हे कारागिरांना केव्हाच ठाऊक होतं. हीच रायफल. पण त्या खाचांनी गोळीला पकडायचं, तर गोळी नळीत घट्ट बसली पाहिजे. आणि घट्ट गोळी तोंडातून आत ठोकत बसायची, तर समोरचा शत्रू तोवर थांबत नाही. म्हणजे भरताना गोळी लहान हवी आणि सुटताना मोठी. हे जमायचं कसं?

इथे आपला देश या गोष्टीत पहिल्यांदा येतो. कॅप्टन जॉन नॉर्टन नावाचा एक इंग्रज अधिकारी दक्षिण भारतात होता. तिथले लोक फुंकनळीतून बाण मारत आणि त्या बाणाच्या बुडाला कमळाच्या देठातला मऊ गर लावत, असं त्यानं पाहिलं. फुंकर मारली की गर फुगून नळीला घट्ट बसे आणि वारा बाजूनं निसटत नसे. त्यावरून त्यानं १८२३ च्या सुमारास बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी सुचवली, असं सांगितलं जातं. सरकारनं ती कल्पना बाजूला ठेवली. पुढे १८४९ मध्ये क्लोद एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्यानं तशीच गोळी यशस्वी करून दाखवली. दारू पेटली की तिच्या धक्क्यानं गोळीचं पोकळ बूड फुगायचं आणि खाचांत जाऊन बसायचं. भरताना सैल, सुटताना घट्ट. प्रश्न सुटला.

पण ही युक्ती चालायची तर शिसं कसं हवं? मऊ. अगदी शुद्ध, मऊ. त्यात अँटिमनी किंवा कथील घालून ते कठीण केलं, तर बूड फुगणारच नाही. इंग्रजांनी १८५३ मध्ये जी एनफिल्ड रायफल काढली, तिची गोळी म्हणून शुद्ध शिशाची होती. वजन सुमारे ३४ ग्रॅम. नळी आणि गोळी यांच्यामध्ये फट पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. आता एवढ्याशा फटीत काळ्या दारूची काजळी साचली, मऊ शिशाचा लेप खाचांना बसला, तर दहा-वीस बारांनंतर पुढची गोळी आत जायची नाही. म्हणून गोळी कागदात गुंडाळायची आणि त्या कागदाला चरबी आणि मेण यांचं वंगण लावायचं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणजे साखळी अशी लागते. लांब पल्ला हवा म्हणून खाचा. खाचांत बसायला गोळी फुगली पाहिजे म्हणून मऊ शिसं. मऊ शिसं आणि काजळी नळीत अडकू नये म्हणून वंगण. वंगण कागदाला, आणि कागद शिपायानं दातानं फाडायचा, कारण कवायतच तशी होती. वंगण काडतुसाच्या ज्या टोकाला गोळी असे तिकडे, आणि दात लागायचा तो दारूच्या टोकाला. पण अंगाला चरबी लागलेली वस्तू तोंडात धरायची म्हटल्यावर हे टोक की ते टोक, हा हिशेब कोण ऐकणार?

इथे एक गोष्ट विसरू नये. या धोक्याची सूचना आधीच मिळालेली होती. एनफिल्डची वंगण लावलेली काडतुसं हवामानाची चाचणी घेण्यासाठी १८५३ मध्ये हिंदुस्थानात आली, तेव्हाच कर्नल टकर या अधिकाऱ्यानं लेखी बजावलं होतं, की वंगण कोणाच्या धर्माला बाधणारं नाही याची खात्री होईपर्यंत ही काडतुसं देशी पलटणींना देऊ नयेत. तो कागद दप्तरात पडून राहिला. पुढे कलकत्त्याजवळ जी काडतुसं तयार होऊ लागली, त्यांच्या चरबीचा मक्ता देताना ती कोणत्या जनावराची असावी, हे कोणी बघितलं नाही. जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या नेमबाजी शिकवणाऱ्या ठाण्यावर एका खलाशानं एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायानं नाकारलं, तेव्हा खलाशी म्हणाला, की लवकरच तुमची जात जाणारच आहे, गाईडुकराची चरबी लावलेली काडतुसं तोंडानं फाडायची आहेत तुम्हाला. ही हकीकत वरिष्ठांपर्यंत गेली. बराकपूरचे सेनापती हियर्सी यांनी शिपायांना बाजारातून स्वतःच वंगण आणू द्यावं असं सुचवलं, आणि सरकारनं ते मानलंही. पण विश्वास एकदा उडाला, की नवा हुकूमही संशयानंच वाचला जातो. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचललं. ९ मे रोजी मीरतला काडतुसं घ्यायला नकार देणाऱ्या ८५ घोडेस्वारांना सगळ्यांसमोर बेड्या घातल्या गेल्या आणि १० मे रोजी मीरत पेटलं.

सत्तावनची कारणं काडतुसापुरती नव्हती. संस्थानं खालसा झाली होती, अवध गिळलं गेलं होतं, समुद्रापार जाण्याची सक्ती आली होती. काडतूस ही ठिणगी. पण ठिणगी म्हणून सोडून देताना आपण तिच्यामागचा कारभार विसरतो. एका अधिकाऱ्याला धोका दिसतो, तो लिहून कळवतो आणि कोणीही ते वाचत नाही. गोळीचा व्यास हजारांश इंचापर्यंत मोजणाऱ्या यंत्रणेला, ती गोळी ज्याच्या हातात द्यायची त्या माणसाला काय वाटेल, हे एकदा विचारावंसं वाटलं नाही.

आणि धडा काय घेतला म्हणाल, तर उठाव मोडल्यावर देशी पलटणींसाठी एनफिल्डचा वेगळा नमुना काढला. त्याच्या नळीतल्या खाचा काढून ती पुन्हा गुळगुळीत केली. दिसायला तीच बंदूक, पण पल्ला जुना. देशी शिपायाच्या हातात गोऱ्या शिपायापेक्षा कमी ताकदीचं हत्यार द्यायचं, हे धोरण पुढे कित्येक वर्षं चाललं.

नंतरच्या काळात बंदुका मागून भरू लागल्या. गोळी तोंडातून ढकलायची गरज उरली नाही, तेव्हा ती आधीपासूनच घट्ट मापाची करता आली. मग मऊ शिशाची सक्तीही गेली. १८७१ पासून ब्रिटिश फौजेत आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळीत बारा भाग शिशाला एक भाग कथील असे. वेग वाढला होता, त्याला कठीण गोळी मानवत होती. १८८६ च्या सुमारास फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि वेग आणखी चढला. आता कथील-अँटिमनीनं कठीण केलेलं शिसंही पुरेना. खाचांवरून घासताना ते सोलून निघू लागलं. एडुआर्ड रुबिन या स्विस अधिकाऱ्यानं १८८२ मध्येच त्यावर उपाय काढून ठेवला होता. शिशाच्या गोळीला वरून तांब्याचं कवच चढवायचं. ब्रिटिशांनी १८८८ मध्ये लहान व्यासाची .३०३ रायफल घेतली, तिची गोळी अशीच कवचवाली होती.

या कवचाचा एक परिणाम कोणी ठरवून केलेला नव्हता. जुनी मऊ, जाड गोळी अंगात शिरली की चपटी व्हायची, हाडाचा चुरा करायची. अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात मिनिएच्या गोळीनं किती हातपाय कापावे लागले, हे तिथल्या शल्यवैद्यांनी लिहून ठेवलं आहे. कवचाची गोळी मात्र बऱ्याचदा लहान भोक पाडून आरपार निघून जायची. माणूस वाचायची शक्यता वाढली. ही दया नव्हती. नळीत शिसं सोलू नये म्हणून केलेल्या सोयीचा तो जोडफायदा होता.

तो फायदा साम्राज्याला रुचला नाही. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर वायव्य सरहद्दीवरून तक्रारी आल्या, की नव्या गोळीनं पठाण थांबत नाही. लागली तरी पुढे धावून येतो. मग पुन्हा दमदम! तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्याचे प्रमुख कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं कवच किंचित काढलं आणि आतलं शिसं उघडं ठेवलं. उघडं राहिलेलं ते मऊ टोक अंगात शिरल्यावर फुलासारखं उमलून पसरायचं. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ही गोळी वापरली गेली आणि 'दमदम गोळी' हे नाव जगभर झालं. चाळीस वर्षांपूर्वी शिसं मऊ हवं होतं ते खाचांत बसावं म्हणून. आता ते मऊ हवं होतं ते माणसाच्या शरीरात पसरावं म्हणून.

१८९९ मध्ये हेग इथे राष्ट्रांची शांतता परिषद भरली. तिथे हा विषय निघाला. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी दमदम गोळीची बाजू मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सुधारलेला सैनिक गोळी लागली की मागे जातो, रानटी माणूस मात्र अंगात दोन-तीन गोळ्या असूनही धावून येतो, तेव्हा त्याच्यासाठी वेगळी गोळी लागते. म्हणजे माणूस कोण, यावर शिसं उघडं ठेवायचं की झाकायचं, ते ठरायचं. परिषदेनं हे मानलं नाही. २९ जुलै १८९९ च्या घोषणेनं शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी घातली. ब्रिटन आणि अमेरिका यांनी विरोधात मत दिलं. ब्रिटननं ती घोषणा १९०७ मध्ये स्वीकारली. १९९८ च्या रोम करारात अशा गोळ्यांचा युद्धातला वापर हा युद्धगुन्हा ठरला. बंदी मात्र युद्धापुरतीच आहे. शिकारीला आणि अनेक देशांच्या पोलिसांना पसरणारी गोळी आजही चालते, आणि पोलिसांचं त्यावरचं समर्थन असं, की ती आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागत नाही.

आता थोडं या धातूंच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. शिसं, कथील आणि अँटिमनी हीच तीन नावं आणखी एका कारखान्यात रोज घेतली जात. तो म्हणजे छापखान्याच्या खिळ्यांचा कारखाना. अक्षराचा खिळा ओतायचा तर रस पातळ हवा, अक्षराची बारीक कड साच्यात उतरायला हवी, आणि हजारो प्रती छापूनही ती झिजता कामा नये. गोळीच्या ओताऱ्याला जे हवं, तेच खिळ्यांच्या ओताऱ्याला हवं. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या देवनागरी अक्षरांनी मराठी आणि संस्कृत ग्रंथांच्या कित्येक पिढ्या छापल्या. आपल्या हातात आलेल्या जुन्या पोथ्यांची वळणदार अक्षरं याच मिश्रणातून उतरलेली आहेत.

गोळी आणि खिळा यांचं नातं अजून तुटलेलं नाही. अमेरिकेत स्वतःच्या बंदुकीसाठी घरी गोळ्या ओतणाऱ्या हौशी लोकांचा मोठा वर्ग आहे. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय गोळी तयार करणं हा गुन्हा आहे, हे इथे सांगितलेलं बरं.) या मंडळींना लागणारं शिसं भंगारातून येतं. मोटारीच्या चाकांचा तोल साधायला लावलेली वजनं, आणि बंद पडलेल्या छापखान्यांतला लायनोटाइपचा धातू. या लायनोच्या धातूत शंभर भागांत सुमारे ८४ शिसं, १२ अँटिमनी आणि ४ कथील असतं, आणि तो शुद्ध शिशाच्या जवळजवळ चौपट कठीण असतो. म्हणून मऊ शिशात तो थोडा थोडा मिसळून हवा तेवढा कठीणपणा आणतात. एकेकाळी ज्यातून वर्तमानपत्राच्या ओळी ओतल्या गेल्या, त्याच्या आता गोळ्या होतात. हा साठाही आटत चालला आहे. संगणक आल्यावर लायनो गेला. युरोपीय संघानं २००५ पासून मोटारींच्या चाकांना शिशाची वजनं बंद केली, तिथे जस्त आणि पोलाद आलं. जस्ताचं एखादं वजन चुकून भांड्यात वितळलं, तर सगळा रस बिघडतो आणि साचा नीट भरत नाही.

ही बंदी आली त्याचं कारण शिशाचं विष. शिशाची कितीही थोडी मात्रा रक्तात सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं मत आहे. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. आपल्या देशानंही २००० साली पेट्रोलमधलं शिसं काढून टाकलं. गोळीचं शिसं तर लक्ष्याला लागून संपत नाही. शिकारीनं टाकून दिलेल्या मांसात त्याचे कण राहतात, ते गिधाडं खातात. कॅलिफोर्नियातलं काँडॉर हे प्रचंड पंखांचं गिधाड १९८२ मध्ये अवघं २२ वर आलं होतं. त्यांच्या मरणाचं एक मोठं कारण पोटात गेलेलं शिसं हे होतं. म्हणून कॅलिफोर्नियानं जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी वापरायला पूर्ण बंदी केली. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद आहेत आणि युरोपीय संघात पाणथळ जागांवर २०२३ पासून. हजारो वर्षांची सोबत हळूहळू सुटते आहे. तांबं, पोलाद, बिस्मथ शिशाची जागा घेत आहेत.

या सगळ्यातून माझ्या मनात एक गोष्ट राहते. धातूला स्वभाव असतो, हेतू नसतो. शिसं मऊ आहे, लवकर वितळतं, जड आहे, विषारी आहे. ते कायम तसंच होतं. त्यात काय मिसळायचं, किती मिसळायचं, कुठे उघडं ठेवायचं, हे प्रत्येक वेळी माणसानं ठरवलं, आणि ठरवणारा माणूस बहुतेक वेळा ज्याला ते भोगायचं त्याच्यापासून दूर, टेबलाशी बसलेला होता. टकरचा कागद वाचला गेला असता तर सत्तावन टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण तो वाचणं हे कोणाचं तरी काम होतं. त्याच दमदमला आज कोलकात्याचा विमानतळ आहे, नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाचा. तिथे उतरणाऱ्या प्रवाशाला दमदम म्हणजे फक्त एक विमानतळ वाटतो. त्या नावाशी एका लोट्याची आणि एका उघड्या ठेवलेल्या शिशाच्या टोकाची गोष्ट जोडलेली आहे, एवढं आपण लक्षात ठेवू.